भावाची केस भावानेच चालवायची म्हणे!

घाटावरचा: परवा एका महाशयांनी लिहिलं, 'वकील म्हणजे लूट. भावाची फौजदारी केस मीच चालवणार, टिळकांनी नाही का चालवली?' खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. म्हणून लिहितोय. स्वतःची केस स्वतः चालवणं वेगळं. भावाची चालवायची तर कोर्टाची परवानगी लागते, अधिवक्ता कायदा 1961, कलम 32. तीही त्या केसपुरती, कोर्टाच्या मर्जीने. कुलमुखत्यारपत्र नाचवून भागत नाही, 1999 मध्ये टी. सी. मथाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सांगून टाकलंय.
आमच्याच घरातलं घ्या. चुलतभावावर चेक बाउन्सची केस, कलम 138. काका निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी परवानगी मिळवली. नोटिशीच्या उत्तरात लिहिलेलं 'चेक हरवला'. आणि उलटतपासात काका फिर्यादीला दरडावतात, 'तो चेक तुम्ही सिक्युरिटी म्हणूनच घेतला होता ना?' म्हणजे चेक हरवला नव्हता, दिला होता, हे काकांनीच कबूल केलं. समोरच्या वकिलाने ऑब्जेक्शनसुद्धा घेतलं नाही. कशाला घेईल?

वैतागलेला_पक्षकार: आणि वकिलांनी काय दिवे लावले? आमचे साहेब तारखेला ज्युनिअर पाठवायचे, त्याच्या हातात फाइलसुद्धा नाही. 'सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख द्यावी.' फी मात्र दर तारखेला रोख. वकील बदलायचा म्हटलं तर जुन्या वकिलाच्या एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) महिनोन्‌महिने चकरा. भावाला निदान केस तोंडपाठ असते.

काळाकोट: परवडत नाही तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा की. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 वाचा. आरोपी बाई असेल किंवा कोठडीत असेल, तर उत्पन्नाची अटही नाही. आणि टिळक एलएलबी होते हो! लॉ क्लास चालवायचे.

पेठेतली_मंदा: शिवाय 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळक स्वतः जवळजवळ एकवीस तास बोलूनही ज्युरीने 7 विरुद्ध 2 दोषी ठरवलं, सहा वर्षं मंडाले. दाखला द्यायचा तर जिंकल्याचा द्या.

वैतागलेला_पक्षकार: सात गोरे ज्युरीत बसवल्यावर बॅरिस्टरांची फौज काय करणार होती? 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात होते ना बॅरिस्टर? दीड वर्षाची सजा झालीच.

पेठेतली_मंदा: त्याच 1897 ला जामीन मिळाला तो बॅरिस्टर दावरांनी बाजू मांडली म्हणून.

वैतागलेला_पक्षकार: आणि 1908 ला न्यायमूर्ती होऊन सजा कोणी सुनावली? त्याच दावरांनी! माझाच मुद्दा सिद्ध केलात, ताई. आभार.

पेठेतली_मंदा: हा मुद्दा नाही, आचरटपणा आहे.

घाटावरचा: अहो, टिळकांना सोडा! उद्या एखाद्याचा भाऊ आत जाईल तुमच्या या सल्ल्याने.

सूनबाई: मध्येच बोलते. बिल्डरविरुद्ध सासूबाईंची तक्रार मीच चालवली, वकील न लावता. पावत्या तारीखवार लावल्या, प्रत्येक पानावर नंबर टाकला, बिल्डरच्या वकिलाला पान सापडेना तेव्हा मीच काढून दिलं. निकाल आमच्या बाजूने लागला. एवढी काय भीती घालता?

काळाकोट: ग्राहक आयोगात प्रतिनिधी चालतो, मान्य. फॅमिली कोर्टात तर वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही, 1984 च्या कायद्याचं कलम 13, म्हणजे तिथे आमचीच अडचण. पण ताई, तुम्ही हरला असता तर पैसे गेले असते. इथे भाऊ जातो.

सूनबाई: पैसे 'फक्त' वाटतात तुम्हाला? सासऱ्यांची सगळी ग्रॅच्युइटी होती त्यात.

काळाकोट: 'फक्त' मी म्हटलेलं नाही.

वैतागलेला_पक्षकार: बरं बाबा, फौजदारीत वकील लावू. तारखेला स्वतः येणारा एक दाखवा, उद्याच वकीलपत्रावर सही करतो. आणि मंदाताई, सात गोऱ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.