बुडत्या विमान कंपनीची को-पायलटची ऑफर: सही करायची का?

जुना टर्बोप्रॉप:
काल एका मुलीने विचारलं होतं, रिजनल, म्हणजे छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपनीत एटीआर ७२ या प्रॉपेलरच्या विमानावर को-पायलटची ऑफर आलीय, पण पगार लांबताहेत, दोन विमानं लीजवाले परत घेऊन गेलेत, जाऊ का? त्यावर हिशेबनीस साहेबांनी एका ओळीत निकाल लावला, "पगार थकवणाऱ्या कंपनीत सही करणारा वैमानिक मूर्ख, ताळेबंद वाचता येत नसेल तर घरी बसा." डोकं फिरलं म्हणून लांबण लावतोय.

साहेब, घरी बसणं फुकटात होतं असं वाटतं का तुम्हाला? नवीन लायसन्सवर दोनशे-अडीचशे तास, त्यातले बहुतेक एका इंजिनच्या छोट्या विमानावर. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे ढगात नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परवानगीची, मुदत संपत राहते, ते जिवंत ठेवायला दरवेळी खिशातून पैसे, हाताची सवय जाते ते वेगळंच, आणि पुढच्या वर्षी ताज्या हाताची नवी पोरं रांगेत उभी असतात. मोठ्या कंपनीत गेलात की पहिला प्रश्न, मल्टिक्रूचे, म्हणजे दोन वैमानिकांच्या विमानावरचे, तास किती. ते तास द्यायला कोण बसलंय?

आणि ताळेबंदाचं म्हणाल तर किंगफिशरमध्ये शिरायला लोक धडपडत होते, ऑक्टोबर २०१२ मध्ये लायसन्स निलंबित. जेट एअरवेजची नोकरी म्हणजे जन्माची सोय असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. तेव्हा माझं सरळ म्हणणं, कंपनी बुडणार असंच धरून चालायचं. बुडेपर्यंत लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या वहीत, काय चढतंय आणि गळ्यात काय अडकतंय एवढं बघायचं.

हिशेबनीस:
मूर्ख शब्द मागे घेत नाही. तुमचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे की तिथे तास मिळतील. कुठून मिळतील? कागदावर दहा विमानं, उडतात चार, पायलट मात्र दहा विमानांचे. इंधनवाला रोख मागतो, विमानतळ थकबाकीपोटी विमान अडवून ठेवतो, सिम्युलेटरवाला आगाऊ पैसे आल्याशिवाय स्लॉट देत नाही. अशा ठिकाणी नवा को-पायलट रोस्टरवर सगळ्यात खाली. महिना संपतो आणि लॉगबुक कोरंच.

दुसरं, वेळ मिळेल अशा भ्रमात राहू नका. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, ३ मे पासून उड्डाणं बंद. आधी म्हणे दोन-तीन दिवसांपुरती. परत कधी उडालीच नाही. जेटने १७ एप्रिल २०१९ ला "तात्पुरती" सेवा थांबवली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश दिला. ब्रिटनची फ्लायबी तर रिजनलच होती ना? ५ मार्च २०२० ला बंद, एप्रिल २०२२ मध्ये नव्याने उडाली, २८ जानेवारी २०२३ ला परत बंद. दुसऱ्यांदा रुजू झालेल्यांनी पण लॉगबुकाचाच विचार केला असेल, नऊ-दहा महिने पुरला.

वाऱ्याची लेक:
ती मुलगी मीच. मूर्ख म्हटल्याबद्दल आभार काका 🙏 दुसरी ऑफर नाहीये हे लिहायचं राहिलं होतं. तीन वर्षांचा बाँड आहे (आधी सोडलं तर पैसे भरायचे), टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विमानाच्या खास ट्रेनिंगचा, अर्धा खर्च माझा आणि सही केलेले कोरे चेक आधीच मागताहेत.

जुना टर्बोप्रॉप:
कोरे चेक?? मग थांब बाळा. तास कमवायला जा म्हटलं मी, गहाण पडायला नाही.

हिशेबनीस:
आता कसं!

उजवी सीट:
मी असल्याच एका कंपनीत होतो, नाव घेत नाही. पगार कधी अर्धा, कधी नुसतं आश्वासन, पगारातून कापलेला कर सरकारकडे भरलाच नाही हे नंतर नोटीस आल्यावर कळलं. तरी सांगतो, जॉइन झालो नसतो तर आज जेट इंजिनच्या मोठ्या विमानावर नसतो. दिवसाला सहा-सहा सेक्टर (उड्डाणं), छोट्या धावपट्ट्या, क्रॉसविंड, ढगात शिरून परत फिरणं, हे शिकायला मोठ्या विमानात कित्येक वर्षं जातात. सुदैवाने आमच्याकडे सोडून जाणारे इतके होते की राहिलेल्यांना भरपूर उडायला मिळालं, त्यामुळे तास मिळत नाहीत हे सरसकट खरं नाही.

बाकी विमानांची अवस्था विचारू नका. आमच्या एका एटीआरचं एपीयू (जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन) तीन महिने बंद होतं, तसंच उडवत होतो, मेंटेनन्सवाल्यांना काही पडलेली नव्हती.

स्पॅनर:
एटीआर ७२ ला एपीयू नसतंच. जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून प्रॉपेलरला ब्रेक लावतात, हॉटेल मोड म्हणतात त्याला. कोणत्या एटीआरवर बसला होता भाऊ?

उजवी सीट:
प्रॉप ब्रेक म्हणायचं होतं, घाईत लिहिलं. मुद्दा तोच राहतो.

स्पॅनर:
मुद्दा तोच राहत नाही. "मेंटेनन्सवाल्यांना पडलेली नव्हती" हे वाक्य डोक्यात गेलंय. एमईएलमध्ये, म्हणजे कोणता बिघाड घेऊन किती दिवस उडता येतं त्या यादीत, बी कॅटेगरीच्या बिघाडाला तीन दिवस, सी ला दहा, डी ला एकशेवीस. मुदत संपली की विमान उभं करायचं किंवा रीतसर वाढ घ्यायची. पार्ट मागवला तर स्टोअरमध्ये नाही, पुरवठादार म्हणतो मागचं बिल भरा, मग मॅनेजर सांगतो कोपऱ्यातल्या उभ्या विमानाचा काढा. काढला. उद्या त्या विमानाला उडायचं असेल तर त्याचा पार्ट कुठून आणू? आणि तुम्ही को-पायलट लोक टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची वही, न वाचता सीटवर बसणार, वर्षांनी आमच्या नावाने किस्से सांगणार.

जुना टर्बोप्रॉप:
स्पॅनरभाऊ, एक मिनिट. विमान स्वीकारणारी सही कॅप्टनची असते आणि कॅप्टनने नाही म्हटलं की ऑपरेशन्सचे फोन कोणाला येतात? तुम्हाला नाही येत.

स्पॅनर:
आम्हाला येत नाहीत? रात्री दोनला, पहाटे पाचला, "सकाळच्या पहिल्या फ्लाइटला विमान पाहिजे". माझं लायसन्स पण तुमच्याइतकंच जातं. फरक एवढाच की तुमच्या थकलेल्या पगाराची टीव्हीवर बातमी होते, आमची होत नाही.

जुना टर्बोप्रॉप:
मी दोनदा विमान नाकारलंय आणि दोन्ही वेळा "उत्पादनात अडथळा" असं पत्र हातात पडलंय. त्यामुळे कोणाचं दुःख मोठं ही स्पर्धा नको.

स्पॅनर:
नाकारलंत, बरं केलंत. तुमच्यासारखे कमी भेटले. त्या मुलीला कामाचं सांगतो, पोरी, एचआरला आर्थिक स्थिती विचारू नकोस, ते हसून चहा पाजतील. आत कोणी ओळखीचं असेल तर विचार की किती विमानं नुसती पार्टसाठी उभी आहेत आणि डिफर केलेले, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकललेले, बिघाड मुदतीच्या टोकाला जाऊन परत परत तेच उघडतात का. सगळ्या कंपन्यांत डिफर होतंच, त्याला घाबरू नकोस. तोच बिघाड बंद होतो आणि आठवड्यात परत उघडतो, तिथे पैसे संपलेत समज.

पोरीचा बाप:
सगळे एअरलाइनवर घसरताय, फ्लाइंग स्कूलबद्दल कोणी बोलेल का? माझ्या मुलीचे पैसे आगाऊ घेतले, विमान चालू एक, विद्यार्थी चाळीस, इन्स्ट्रक्टर मधेच गायब. जेवढ्यात संपेल सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ गेला.

हिशेबनीस:
दादा, सहानुभूती आहे, पण वेगळा विषय आहे.

पोरीचा बाप:
वेगळा कसा? कर्ज तिथेच होतं आणि त्या कर्जापायीच मुलं असल्या ऑफरवर सह्या करतात. तुमचा ताळेबंद एअरलाइनचा, आमच्या घराचा कोण वाचणार?

अर्धवट रेटिंग:
माझंही ऐका. ग्राउंड स्कूल झालं, सिम झालं, बेस ट्रेनिंगला विमान रिकामं मिळेना. शेवटी खऱ्या विमानावरचे टेकऑफ-लँडिंग उरकले आणि रेटिंग लायसन्सवर चढलं, तर लाइन ट्रेनिंगला, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर शिकवायला, कॅप्टन नाहीत. बुडत्या कंपनीतून सगळ्यात आधी ट्रेनिंग कॅप्टन जातात कारण त्यांना बाहेर लगेच घेतात. मी युनिफॉर्म घालून महिनोन्महिने घरी. रेटिंग आहे, पण त्या टाइपवर लाइनचे तास शून्य. कंपनी बंद पडल्यावर इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न, लाइन रिलीज झालात का, म्हणजे ते ट्रेनिंग पुरं झालं का.

जुना टर्बोप्रॉप:
हा मुद्दा दमदार आहे, हिशेबनीसांच्या सगळ्या तारखांपेक्षा जास्त. मुली, किती ट्रेनिंग कॅप्टन उरलेत आणि तुझ्यापुढे लाइन ट्रेनिंगच्या रांगेत किती जण आहेत, दोन्ही विचार. रांग लांब असेल तर माझा सल्ला रद्द.

हिशेबनीस:
म्हणजे मी पहिल्यापासून म्हणत होतो तेच. फक्त तुमच्या तोंडून आलं की अनुभव, माझ्या तोंडून आलं की ताळेबंद.

अजून एक, रिजनलचा आजार नेहमी तिच्या स्वतःच्या वहीत दिसत नाही. तिकीट मोठी कंपनी विकते, उडवते लहान. अमेरिकेत युनायटेडने २०२० मध्ये काम दुसऱ्या रिजनलकडे वळवलं आणि एक्सप्रेसजेटचं उडणं ३० सप्टेंबरला थांबलं. तुझी कंपनी कोणासाठी उडते, तो करार कधी संपतो, हे पण बघ.

उजवी सीट:
विचार-विचार करत बसलं की जागा भरते हेही लिहा कोणीतरी. मी विचारत बसलो असतो तर अजून घरी असतो.

अर्धवट रेटिंग:
मी न विचारता गेलो. मीपण घरीच होतो.

वाऱ्याची लेक:
फोन केला. उडणारी विमानं चार, ट्रेनिंग कॅप्टन दोन, त्यातला एक नोटीस पिरियडवर. रांगेत माझ्याआधी अकरा जण. कोऱ्या चेकऐवजी बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल आणि पगार दोन महिने थकला तर बाँड आपोआप रद्द, असं लेखी मागितलं. "पॉलिसीत बसत नाही" म्हणाले. सोमवारपर्यंत मुदत दिलीय.

जुना टर्बोप्रॉप:
अकरा जण आणि दीड कॅप्टन. नको जाऊस.

उजवी सीट:
मी गेलो असतो. चेक न देता.

स्पॅनर:
चेक न देता घेणारच नाहीत, वाचलं नाहीस का? टेक लॉगपण असाच वाचायचास वाटतं.