मदत हवी आहे: फालतू मेल बंद कसे करायचे? कामाचे मेल येईनात (अर्जंट)

अंबाजोगाईकर: सकाळपासून डोकं फिरायलंय. दिवसाला दीड-दोनशे फालतू मेल यायलेत. कर्ज घ्या, कोर्स करा, तुमचं पार्सल अडकलंय. डिलीट करून करून अंगठा दुखला. आणि आता कामाचे मेलच येईनात. एका पोरीच्या अॅडमिशनचा मेल मंगळवारी यायचा होता, आलाच नाही. तिचा बाप दुकानात येऊन बसलाय. बंद करायचं बटन सांगा, लेक्चर नको.

मांजराकाठ: जीमेल का याहू? मोबाईलवर का कॉम्प्युटरवर?

अंबाजोगाईकर: जीमेल हो. दुसरं काय असतंय.

उदगीरचा पाव्हणा: पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी अनसबस्क्राइब असतं, ते दाबत चला. मी एका रविवारी बसून चाळीसेक बंद केले. 2024 पासून गुगलनं नियमच केलाय, जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल टाकणाऱ्याला एका टिचकीत बंद करायची सोय द्यावी लागते.

खरं बोलू: अनसबस्क्राइब अजिबात दाबू नका!! दाबलं की त्यांना कळतं हा पत्ता जिवंत आहे, मग दुप्पट येतात.

उदगीरचा पाव्हणा: पार्सलवाल्या चोराचं दाबू नका म्हणा, त्याला रिपोर्ट स्पॅम करा. पण जिथून आपणच चप्पल मागवली त्या दुकानाचं दाबायला काय होतंय? त्याला पत्ता माहीतच आहे की.

खरं बोलू: आमच्या साडूचं खातं असंच गेलं.

उदगीरचा पाव्हणा: साडूनं ओटीपी दिला असंल.

गोदाकाठचा: 1909 वर डीएनडी टाका. माझे लोनवाल्यांचे फोन बरेच कमी झाले.

मांजराकाठ: ते फोन-मेसेजचं आहे दादा, इथं मेलचं चाललंय. अंबाजोगाईकर, दुकान कशाचं तुमचं?

अंबाजोगाईकर: ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट. त्याचा काय संबंध?

मांजराकाठ: गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर मेल कुणाचा टाकता?

अंबाजोगाईकर: दुकानाचाच. सत्तर वर्षांच्या आजोबांकडं कुठला मेल. पीकविमा, स्कॉलरशिप, सीईटी, जॉबच्या साइट, सगळीकडं तोच. पाच वर्षं झाली. सगळेच करतात.

परभणीची: मग आणखी काय होणार! एका पत्त्यावर अख्खा तालुका राहायलाय. पुढच्या फॉर्मला पत्त्यात अॅटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एक शब्द जोडा, विमा, सीईटी असं. मेल तुमच्याकडंच येतो, पण कुणी पत्ता विकला ते कळतं आणि फिल्टर लावता येतो. काही सरकारी फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, तेवढं बघा.

खरं बोलू: त्यापेक्षा नवीन मेल काढा. जुनं फेकून द्या.

परभणीची: आणि जुन्यावरचे पाचशे पासवर्ड रीसेट कुठं येणार, साडूकडं?

मांजराकाठ: थांबा जरा. इनबॉक्समध्ये वर जागा संपल्याची पट्टी दिसते का?

अंबाजोगाईकर: ती महिनाभर दिसायली. जाहिरात समजून बंद करायलो.

मांजराकाठ: तेच तर. जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून फुकटात 15 जीबी. भरलं की मेल येतच नाही, पाठवणाऱ्याकडं परत जातो. जाहिरातींनी एवढं भरत नाही. लोक प्रिंटसाठी स्कॅन तुमच्या मेलवरच टाकत असतील ना? सर्चमध्ये इंग्रजीत लार्जर, मग कोलन, मग 10 आणि एम जोडून टाका. मोठे मेल निघतील, ते उडवा. नंतर बिन आणि स्पॅम हातानं रिकामं करा, नाहीतर 30 दिवस तिथं बसून जागा खातात.

अंबाजोगाईकर: अगागा. सातबारे, आधार कार्डं, कुणाच्या पोराची मार्कलिस्ट. एका लग्नपत्रिकेची 22 एमबीची फाईल सहा वेळा आलीय, लग्न होऊन त्यांना लेकरू झालं.

परभणीची: लोकांची आधार कार्डं आधी उडवा. खातं कुणी फोडलं तर ह्या लोकांना काय सांगणार?

गोदाकाठचा: पीकविम्याचं काय झालं म्हणे यंदा? कुणाला आला का?

अंबाजोगाईकर: 4 जीबी मोकळं झालं, मेल यायलेत. आले ते बी पहिले कर्जवाल्याचे. मंगळवारचा आता येईल का पण?

मांजराकाठ: तो आपोआप यायचा नाही. एकदा स्पॅममध्ये बघा, नाहीतर कॉलेजला पुन्हा पाठवायला सांगा. आणि ह्या वेळी बापाच्या नाहीतर पोरीच्या फोनवर स्वतःचा मेल काढून द्या.

अंबाजोगाईकर: स्पॅममध्ये नाही. पोरीचा मेल काढायलोय. कॉलेजवाले फोन उचलंनात. बाप तिसरा चहा प्यायलाय.