शेवटची बस कितीची? तुमचे अनुभव लिहा

तिठ्यावरची: परवा स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली होती म्हणून नाइलाजाने बसने पणजीला गेले. दहाएक वर्षं झाली असतील बसमध्ये चढून. तिठ्यावर पाऊण तास उभी, मग आली ती खचाखच भरलेली. कंडक्टरचं दारातूनच सुरू, "फाटीं जागो आसा, फाटीं वचात!" (मागे जागा आहे, मागे जा!) आणि एकदम अकरावी-बारावीतली सगळी वर्षं आठवली. नोटा तशाच उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत, नाण्याने दांडीवर तसंच टक्टक्. बदल एवढाच की ड्रायव्हरच्या पाठीमागे आता क्यूआर चिकटवलाय, शेजारी देवीचा फोटो आणि खाली लिंबू-मिरची.

तेव्हा शेवटची बस सव्वासातला होती. चुकली की बाबा टॉर्च घेऊन हमरस्त्यापर्यंत यायचे. आता लेक कॉलेजात आहे, आणि शेवटची बस? सातला! म्हणजे पंधरा मिनिटं मागेच गेलो आपण. तिला स्कूटर हवीय, मी वर्षभर "बसने जा" म्हणून अडून बसले होते. परवापासून गप्प आहे. तुमच्याकडे काय स्थिती? जुनं-नवं काहीही लिहा.

उभ्याउभ्या: घेऊन टाका स्कूटर. आमच्या घरात माणसं चार, गाड्या पाच. पाचवी कोणाची ते विचारू नका.

पर्वरीकर: आमचं दुखणं वेगळंच. बसेस डोळ्यांसमोरून शेकड्यांनी जातात पण आमच्या नाहीत. म्हापसा-पणजी शटल नॉनस्टॉप, ती थांबत नाही. लोकल थांबते पण म्हापशाहूनच भरून येते. सकाळी साडेआठला पायरीवर एक पाय टेकायला मिळाला तर नशीब. मांडवी नदीवरचा अटल सेतू झाला, झकास झाला, पण तो वरून जाणाऱ्यांचा. आम्ही खालीच.

भाजीपाव_प्रेमी: म्हापसा स्टँडचं नाव निघालं की मला पातळ भाजी, दोन पाव आणि मिरची. बस चुकली तरी चालेल.

पर्वरीकर: @भाजीपाव_प्रेमी पातळ?? मिक्स घ्यायची रे. पातळमध्ये पाव विरघळतो.

अर्धंतिकीट: तुम्ही मंडळी लहान आहात म्हणून सांगतो. 1978-79 ला विद्यार्थ्यांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळावा म्हणून गोव्यात मोठं आंदोलन झालं. मी तेव्हा कॉलेजात, घोषणा द्यायला पुढे आणि लाठी दिसली की सगळ्यांत आधी मागे. सवलत पदरात पडली, पण मग खाजगी बसवाले हातात वह्या दिसल्या की गाडी पुढे नेऊन थांबवायचे. अर्धं तिकीट देणारा सीट पूर्ण अडवतो ना! आम्ही वह्या शर्टात खुपसायला शिकलो. 1980 मध्ये कदंब हे सरकारी बस महामंडळ आलं आणि आमच्या गावात पहिली कदंब शिरली त्या दिवशी आजीने तिच्या बंपरला हळदकुंकू लावलं. ड्रायव्हर बिचारा इंजिन बंद करून हात जोडून उभा.

दुसरी आठवण पुलाची. 5 जुलै 1986 ला मांडवी पूल कोसळला. मी तोवर नोकरीला लागलो होतो. म्हापशाहून बस बेतीपर्यंत, तिथून फेरीबोट, पलीकडे उतरून चालत ऑफिस. पावसाळ्यात छत्री उलटी, बूट हातात. आमचे साहेब रोज घड्याळ बघायचे आणि स्वतः राहायचे पणजीतच, पाटोजवळ.

तिठ्यावरची: काका, वह्या शर्टात 😂 आम्ही तर युनिफॉर्ममध्ये, लपवणार काय!

चोडणची_पोर: लास्ट बस सोडा, आमच्याकडे फेरीबोटीचं आणि बसचंच पटत नाही. रायबंदरला फेरी लागते, रॅम्प खाली येतो, आपण धावत चढ चढून रस्त्यावर पोचतो आणि बसचं बूड दिसतं. रोज!! दोघांचं वेळापत्रक एका माणसाने एकत्र ठेवून बघितलं तरी निम्मा प्रश्न सुटेल. नवी बस घ्यायची गरज नाही, पाच मिनिटं थांबायची गरज आहे.
(भात उतू चाललाय, नंतर येते)

सत्तरीतला: आईला महिन्यातून एकदा बांबोळीला ओपीडीला न्यायचं असतं. वाळपईहून पहाटेची धरायची, पणजीला उतरायचं, तिथून दुसरी. डॉक्टर दोन मिनिटांत बघतात, औषधाची रांग तासभर, तेवढ्यात परतीची दुपारची बस गेलेली. मग स्टँडवर बाकड्यावर बसून आई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, "वाळपय खंय लागता?" आम्ही तिथेच बसलोय जिथे लागते. तिला नुसतं बोलायला हवं असतं.

पर्वरीकर: @सत्तरीतला आईची तब्येत कशी आता?

सत्तरीतला: बरी आहे. गुडघे सोडून. बसची पायरी फार उंच हो, कंडक्टर हात देतो म्हणून चढते.

मालकाचा_मुलगा: सगळे बसवाल्यांना शिव्या घालणार म्हणून आधीच सांगतो, बाबांची एक मिनीबस होती. आत्ता बाहेर शेड आहे त्यात कोंबड्या असतात.

परमिटवर प्रत्येक फेरीचा टायम लिहिलेला असतो. चारपाच मिनिटांच्या फरकाने आमच्या मागे दुसऱ्याची गाडी. आमच्या गाडीने टायम खाल्ला की पुढच्या स्टॉपवर दोन कंडक्टर गळपट्टी धरायचे. ड्रायव्हर-कंडक्टरला कलेक्शनवर पैसे. म्हणजे सकाळी गाडी भरेपर्यंत तिठ्यावर रेंगाळायची, आणि मागची दिसली की जीव खाऊन पळवायची. तुम्हाला वाटतं माजलेत. माज नाही, हिशेब आहे तो.

आणि रात्रीची फेरी. साडेसातला पणजीहून निघालो की माणसं सहा. दोघं पर्वरीलाच उतरणार. डिझेलचेही सुटत नाहीत. बाबांनी दोन वर्षं ओढली, कारण त्यात एक नर्सबाई होत्या आणि त्यांना दुसरी सोय नव्हती. त्या निवृत्त झाल्या त्या आठवड्यात बाबांनी फेरी बंद केली. परमिटवर अजून आहे म्हणे!

आता म्हजी बस योजनेत गाडी महामंडळाच्या वेळापत्रकावर चालवायची आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे. हे आधी असतं तर सहा माणसांचीही फेरी परवडली असती. आमच्या कोंबड्यांना काय, त्या खूश आहेत.

तिठ्यावरची: @मालकाचा_मुलगा नर्सबाईंचं वाचून कसंतरीच झालं. माझे बाबा टॉर्च घेऊन यायचे त्या बसमध्येही असं कोणीतरी असेल, जिच्यामुळे ती चालत होती. मला वाटायचं माझ्यासाठी चालते.

शिफ्टवाला: वेर्ण्याला सेकंड शिफ्ट. सुटतो साडेअकराला. सरकारी नाही, खाजगी नाही, काही नाही. कंपनीची बस मेन रोडने जाते, आत वळत नाही. उतरून तीन किमी चालतो. कुत्री ओळखतात आता. एक तर अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येतो. शिफ्टला निघतोय, टाइपो माफ.

उभ्याउभ्या: @शिफ्टवाला कुत्र्याचं नाव काय

शिफ्टवाला: कदंबा 😄 मीच ठेवलं. वेळेवर येतो म्हणून.

शणै_मासळीवाले: चतुर्थीला म्हापसा बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर फळंपानं टांगतात त्याचं) सामान बसने आणायचो. सुपारीचा घड कंडक्टर स्वतः ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला बांधायचा, आमचाच गणपती त्याचाही असल्यासारखा. आणि खालच्या सीटवर मासळीवालीची पाटी, पाणी थेट माझ्या नव्या चपलेवर. माझा आयडी तिथूनच.

चोडणची_पोर: आले. भात करपला. मधे वाचलं ते सगळं भारी आहे पण शटलवाल्यांनो तुम्ही जरा गप्प बसा. तुम्हाला खिडकीवर तिकीट, रांग, बसायला सीट, मडगावला पाऊण-एक तासात. गोव्यात दोन देश आहेत, एक शटलवाला आणि एक आतल्या रस्त्याचा.

पर्वरीकर: अगो बाय, आम्हाला शटल थांबतच नाही, वर लिहिलंय!

चोडणची_पोर: सॉरी सॉरी, तू आमच्यातलाच.

नवखी_फोंड्यात: मध्येच विचारते, रागावू नका. पुण्याहून नुकतीच आलेय. रविवारी दुपारी फोंड्याहून माशेलला बस असते का? कुठे लिहिलेलं सापडत नाही. स्टँडवर विचारलं तर म्हणाले "येतली".

अर्धंतिकीट: "येतली" म्हणजे येईल. केव्हा ते विचारायचं नसतं.

मालकाचा_मुलगा: @नवखी_फोंड्यात दीडपर्यंत असते. त्यानंतर साडेचारला एक. पण मे महिना आहे, ती लग्नाच्या भाड्याला गेली असेल तर नाही.

नवखी_फोंड्यात: गेलीय की नाही हे कसं कळणार?

मालकाचा_मुलगा: पावणेपाच वाजले की.