जेजे स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनाला ऑइल पेंटिंग देतेय, फ्रेमचं काय करू?

जेजेच्या ॲन्युअलला पहिल्यांदाच काम देतेय, दोन बाय तीन फुटी ऑइल आहे पण पेंटिंग नाइफने लावलेला जाड पांढरा रंग अजून बोटाला लागतोय, काच लावून फ्रेम करू का?

> काच अजिबात नको गं, ओला रंग चिकटला की संपलं. कडेने साधी लाकडी पट्टी मार. वॉर्निशची घाई नको, जाड ऑइलला सहा महिने तरी जातातच.

> मागे नाव, साइज, मीडियम (कुठला रंग वापरलाय ते) लिही आणि वरच्या बाजूला बाण काढच, बाहेरच्या एका प्रदर्शनात माझं ॲबस्ट्रॅक्ट चित्र उलटं टांगलं आणि ज्युरीने तसंच बघितलं, अजून वाईट वाटतं.

> फोटो मागितले तर फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात काढ, नाहीतर नुसती चमक येते.

थँक्यू सगळ्यांना, पट्टी आजच आणते!