शेतातले, घरातले अपघात आणि मारहाण: तुमच्याकडे काय घडलं, काय बदललं?

मुक्ता
सोयाबीनची मळणी सुरू झालीय. काल रस्त्याकडेच्या वावरात एक बाई मोकळ्या पदराने यंत्रात पेंढ्या टाकताना दिसली आणि मावशी आठवली. तिचा पदर ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात गुंतला होता. इंजिन बंद होईपर्यंत उजवा हात कोपरापासून गेला. त्या दांड्यावर झाकण असतं, पण ग्रीस मारायला अडचण होते म्हणून मालकाने ते काढून गोठ्यात टाकलेलं. मावशी आता परात पायाच्या अंगठ्यांनी दाबून धरते आणि डाव्या हाताने पीठ मळते. पुढच्या आठवड्यात आमची मळणी आहे. तुमचे अनुभव लिहा, मजुरांना वाचून दाखवीन.

रानपाखरू
बाप रे. मावशींना नमस्कार सांगा.

वऱ्हाडी
ताई, झाकण नसेल तर यंत्र वावरात उभंच करू देऊ नका. भाडं आपण देतो, आपण म्हणू शकतो. आमच्याकडे बाया लुगड्यावर सदरा घालतात, पदर आत राहतो. सैल बाही मात्र वाईट, बटन लावायचंच. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ पासून आहे, पण मळणीच्या घाईत कोण विचारते!

शिवार
झाकण कुठे मिळतं? आमचंही तुटलंय.

वऱ्हाडी
ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. दांड्याची लांबी मोजून न्या.

माणदेशी
ऊसवाहतुकीचं कुणीच लिहिलं नाही? रात्री बंद पडलेली ट्रॉली, मागे लाईट नाही, चाकाला दगड लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला. माझा चुलतभाऊ मोटरसायकलसकट खाली गेला. दिवसकार्य झाल्यावर आम्ही पोरांनी वर्गणी काढून गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना रेडियम चिकटवलं. चिखल बसला की तेही दिसत नाही, पुसावं लागतं. निघताना दगड रस्त्यातच टाकून जातात ते वेगळंच.

रानपाखरू
दगडांचं अगदी खरं!! आमचे सर त्यावरूनच पडले.

काजवा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ऊसतोडीच्या टोळीवर होतो तेव्हा मण्यार चावून शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, मुलगी गेली. मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखत नाही, सूज नाही, सकाळी पापण्या जड होतात. तिची आई म्हणाली झोप झाली नसेल. जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी हवी, कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरही लस एकच असते, साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. १०८ लावा आणि निघा.

शिवार
काजवाताई, फार वाईट झालं. कुठल्या भागात होतात?

काजवा
कोल्हापूरकडे. मूळच्या बीडच्या आम्ही.

वऱ्हाडी
फवारणीचंही लिहा कोणीतरी. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. कपाशी डोक्याच्या वर, फवारा तोंडावर. माझा मोठा भाऊ तेव्हा वाचला. आता वाऱ्याच्या उलट्या तोंडाने फवारत नाही, आल्याबरोबर आंघोळ, कपडे वेगळे धुतो. बाकी कापसाले भाव नाही तो नाहीच.

माणदेशी
भाव कुणालाच नाही दादा.

सावित्रीची_लेक
विषय मारहाणीचाही आहे ना? आमच्याकडे आठवडी बाजाराच्या रात्री तीन-चार घरांतून रडणं यायचंच. बायकांनी आडवी बाटली केली, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घडवून आणलं. मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्या मतांनी भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणून पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या लेकीसुनांनाही बोलावून घेतलं. दुकान बंद झालं. मारणारे सगळे सुधारले नाहीत, चोरून मिळतेच. पण आता आवाज आला की चौघीजणी दार वाजवतात, नाही उघडलं तर ११२ लावतात. आधी "त्यांच्या घरचं आहे" म्हणून कुणी उठायचं नाही.

रानपाखरू
ताई, अर्ज कुणाकडे दिला? आमच्या बचतगटात हेच चाललंय.

सावित्रीची_लेक
जिल्ह्याला, उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडे. अर्जावरच्या बायकांच्या सह्या पडताळायला माणूस येतो. त्या दिवशी सही केलेल्या कुणाला शेतावर जाऊ देऊ नका.