दिवाळी अंकांची चित्रं आणि राख्या-कंदिलांच्या ऑर्डरी एकाच वेळी अंगावर येतात, तुम्ही कसं जमवता?

वडगावची_रेघ

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावची, वडगावात राहते. सात वर्षं झाली चित्रं काढून घर चालवतेय, लहान मुलांची पुस्तकं असतात, आणि जुलै लागला की दिवाळी अंकांची रेखाचित्रं. जोडीला आई आणि मी हातानं वस्तू करतो. राखीपौर्णिमेला राख्या, गणपतीत मखराची कागदी फुलं, दिवाळीत खणाचे आणि इरकलचे कंदील, रंगवलेल्या पणत्या, संक्रांतीला हलव्याचे दागिने (हलवा आईच करते, तिच्या हातानं काटा सुंदर येतो, मी नुसतं गुंफते). कंदिलाचं कापड इथल्या दुकानांतून उरलेले तुकडे घेऊन करतो त्यामुळे प्रत्येक कंदील वेगळा होतो आणि लोकांना तेच आवडतं. कन्नड गिऱ्हाईक आकाशबुट्टी म्हणून मागतं, मराठी गिऱ्हाईक कंदील म्हणून, दोघंही दरवर्षी परत येतात.

अडचण अशी आहे की हे सगळं एकाच वेळी येतं. मागच्या वर्षी, म्हणजे 2025 ला, राखी 9 ऑगस्टला होती, गणपती 27 ऑगस्टला, आणि तीन दिवाळी अंकांच्या कथा माझ्या हातात आल्या जुलैच्या शेवटी, सगळ्यांना चित्रं ऑगस्ट संपायच्या आत पाहिजे होती. दिवसा राख्या, संध्याकाळी मखराची फुलं, आणि जेवणं झाल्यावर अकरा वाजता चित्रांना बसायचं असं महिनाभर चाललं. एका अंकाची चार चित्रं मी रात्री दोन-तीन वाजता पूर्ण केली, आणि दिवाळीत अंक घरी आला तेव्हा ती पानं मला बघवली नाहीत. रेघेत जीवच नव्हता. कथा चांगली होती, एका म्हाताऱ्या विणकराची होती, आमच्या गल्लीत असे कितीतरी आजोबा मी लहानपणापासून बघितलेत, आणि तरी माझा विणकर कुणाचाच आजोबा वाटत नव्हता. संपादक काही बोलले नाहीत पण यंदा त्यांचा फोन अजून आलेला नाही. हे मला फार लागलंय, खरं सांगते.

दुसरं म्हणजे कंदील. वेळ वाचावा म्हणून ऑगस्टमध्येच 60 कंदील चिकटवून प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवले, पितृपक्षात उघडले तर 22 कंदिलांना बुरशी. आईनं ते पुसून बघितले, उन्हात घातले, पण वास जात नव्हता, मग टाकून दिले.

लोक सांगतात एक काहीतरी धर. पण एका कंदिलाला सगळं धरून अडीच तास जातात, 450 ला विकतो, सामान 170 चं, म्हणजे तासाचे शंभराच्या वर थोडे पडतात. चित्राला यापेक्षा बरे मिळतात पण ते पैसे येतात तीन-चार महिन्यांनी, कधी त्याच्याही नंतर, आणि कंदिलाचे त्याच संध्याकाळी आईच्या हातात पडतात. त्यावर घरभाडं आणि वाणी चालतो. शिवाय आई दिवसभर माझ्यासोबत बसून काम करते तो वेळ मला सोडायचा नाहीये.

तर जे चित्रं आणि हस्तकला दोन्ही करतात त्यांनी सांगा, वर्षाची आखणी कशी करता? आणि आपल्याकडच्या पावसात माल टिकवता कसा?

खानापूरचा_शाडूवाला

अक्का, पहिलं बुरशीचं सांगतो. आमच्यात तीन पिढ्या शाडूचे गणपती करतात, आणि खानापुरात पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतोय. तुम्ही ओल्या हवेत खळ लावली आणि लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधलं, मग आतलं पाणी जाणार कुठं? प्लॅस्टिक काढा पहिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, आणि खोकं माळ्यावर नको, कौलाखाली सगळ्यात जास्त ओल असते, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवा. मैद्याची खळ करत असाल तर शिजताना चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, जुने बाइंडरवाले घालतात, कीडपण लागत नाही. पण मोरचूद विषारी हाय, त्याचं भांडं चमचा वेगळा पाहिजे, आणि घरात लहान पोरं असली तर घालूच नका.

आता खरं सांगायचं ते. आम्ही गणपती दोन भागात करतो. कच्चं काम एप्रिल-मेला. मूर्ती सावलीतच सुकवायची, उन्हात ठेवली की तडकते, पण हवा कोरडी पाहिजे, म्हणून जून लागायच्या आत माती संपलेली पाहिजे. पावसाळ्यात नुसता रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. कंदिलाचंबी तसंच करा की. कामट्यांचे सांगाडे, कापड बेतून कापणं, झिरमिळ्या, वायर होल्डर जोडणं हे सगळं कोरडं काम, ते मार्च ते मे करून ठेवा, त्याला बुरशी येत नाही. चिकटवायचं तेवढं नवरात्रानंतर.

आणि एक, आमचे बाबा डोळ्यांची आखणी सकाळीच करतात. घरात कायबी असू दे, गिऱ्हाईक दारात थांबलेलं असू दे, सकाळचे दोन तास त्यांना कोण हाक मारत नाही. दुपारनंतर ते ब्रश धरतच नाहीत आखणीसाठी. म्हणतात, डोळा चुकला तर गणपती आपल्याकडं बघत नाही. तुमच्या त्या विणकराचं वाचलं आणि मला हेच आठवलं.

अनगोळची_सुईदोरा

राख्या सोडा. मी सोडल्या दोन वर्षांपूर्वी. बाजारात डझनावर मिळणाऱ्या राख्यांशी आपली हाताची राखी भावात कधीच टिकत नाही आणि पौर्णिमा झाली की उरलेला माल वर्षभर पडून. कंदील निदान पुढच्या वर्षी चालतो.

निपाणीकर_पोस्टकार्ड

ताई मी पण चित्रंच काढते, पोस्टकार्ड आणि लग्नपत्रिका, निपाणी आणि कोल्हापूर दोन्हीकडे विकते. मला एक सवय लागलीय ती सांगते, मी जानेवारीतच कालनिर्णय घेऊन बसते आणि आपलं सगळं काम तारखेवर न लावता तिथीवर लावते. आपले सण दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. यंदा 2026 ला अधिक ज्येष्ठ होता 17 मे ते 15 जून, त्यामुळे राखी 28 ऑगस्टला आहे, गणपती 14 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. मागच्या वर्षीपेक्षा 18-19 दिवस जास्त मिळालेत. पुढच्या वर्षी गणपती परत 4 सप्टेंबरवर येणार आणि दिवाळी 29 ऑक्टोबरला, तेव्हा पुन्हा चिमटा बसेल. फक्त संक्रांत तेवढी सूर्यावर चालते म्हणून जागची हलत नाही, तुमच्या हलव्याच्या दागिन्यांचं वेळापत्रक दरवर्षी तेच राहतं.

यंदा दिवाळी एवढी पुढे आहे म्हणजे परतीचा पाऊस जाऊन थोडी कोरडी हवा मिळायची शक्यता आहे, खानापूरचे दादा म्हणतात तसं दसऱ्यानंतर चिकटवायला घेतलं तरी दोन आठवडे हातात राहतात. मागच्या वर्षी हे करता आलं नसतं, ऑक्टोबर अर्धा होईपर्यंत, परतीचा पाऊस जायच्या आतच, कंदील दुकानात पाहिजे होते.

आणि संपादकांना तुम्ही फोन करा. त्यांच्या फोनची वाट बघू नका. आत्ता जूनमध्येच, कथा हातात यायच्या आधी, सांगा की मी 20 जुलै ते 25 ऑगस्ट चित्रं करते, त्या काळात कथा मिळाली तर एवढी चित्रं देईन, आणि त्या विणकराच्या चित्रांबद्दल तुम्हाला जे वाटतं ते पण सांगा. मी एकदा असंच सांगितलं होतं एका ठिकाणी, पुढच्या वर्षी काम मिळालं. पैशाचं पण तेव्हाच बोलून घ्या. निम्मे कच्ची चित्रं दिल्यावर, निम्मे पक्की दिल्यावर. सगळे ऐकत नाहीत, काही ऐकतात, आणि जे ऐकतात त्यांच्या पैशातून वाण्याचं भागलं तर राख्यांची गरज राहत नाही.

टिळकवाडी_चित्रकला_शिक्षक_निवृत्त

पोरी, तुझं वाचून दोन दिवस विचार करत होतो म्हणून उशिरा लिहितोय.

आपलं बेळगाव हे रेखाटनाचं गाव आहे हे विसरू नकोस. के. बी. कुलकर्णी सरांनी इथं राहून किती मुलांचे हात तयार केले, रवी परांजपे 1935 मध्ये इथंच जन्मले आणि त्यांच्याकडंच शिकले, आणि पुढे बोधचित्रकार म्हणून त्यांचं नाव देशाबाहेरही गेलं. दिवाळी अंकाची परंपरा 1909 पासूनची, मनोरंजन मासिकाच्या अंकापासून, आणि दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं बघायला लोक अंक विकत घेत होते. कथेशेजारचं चित्र म्हणजे पान भरायची वस्तू नाही, हे तुला माहीत आहे म्हणून तर तुला ती पानं बघवली नाहीत. ज्याला बघवत नाहीत त्याचा हात अजून शाबूत आहे.

आता कामाचं. एकाच दिवशी गोंद आणि शाई दोन्ही करू नकोस. मी शाळेत असताना मुलांना हस्तव्यवसायाच्या तासाला लागून चित्रकलेचा तास कधी देत नव्हतो, बोटं चिकट आणि जड झालेली असतात, रेघ थरथरते किंवा दाबली जाते. ज्या दिवशी चित्र त्या दिवशी फक्त चित्र, आणि शाडूवाल्यांच्या वडिलांसारखं सकाळी. आठवड्यातले चार दिवस चित्रांचे, दोन आईबरोबरचे, असं यंदा करून बघ.

पावसात कागदाची काळजी घे. ओल धरलेल्या कागदावर शाईची रेघ फुटते, कडेला केस आल्यासारखी दिसते, आणि जलरंगाचा वॉश वाळायला तास तास घेतो मग आपण घाईत दुसरा हात मारतो आणि चिखल होतो. कागद लागेल तेवढाच बाहेर काढायचा, बाकीचा गठ्ठा जाड प्लॅस्टिकमध्ये तोंड बंद करून (कागद कोरडा आहे म्हणून त्याला प्लॅस्टिक चालतं, खळ लावलेल्या कंदिलाला चालत नाही). काढलेला कागद काम करण्याआधी टेबललॅम्पखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा.

आणि त्या विणकराला परत काढ. अंकासाठी नको, कुणासाठीच नको. गल्लीत जाऊन मागावर बसलेल्या माणसासमोर बस आणि त्याचे पाय बघ, हाताकडे सगळेच बघतात. ज्याचा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला त्याची पाठ आणि मान वेगळी असते, ती घरी बसून आठवत नाही.

वडगावची_रेघ

सर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. आमच्या मागच्या घरातले आजोबा आता माग चालवत नाहीत पण त्यांचा खड्डामाग अजून आहे, फळ्या टाकून त्यावर धान्याची पोती ठेवलीत. काल त्यांना विचारलं तर त्यांनी पोती हलवायला लावली आणि स्वतः उतरून बसून दाखवलं, पाऊण तास बसले होते. अकरा स्केच झाली. पाय काढायला फार अवघड आहेत, पण यातला एक पाय बरोबर आलाय.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले यंदा दोन कथा देतो, आणि पैशाचं निम्मं-निम्मं त्यांना चालेल. मागच्या चित्रांबद्दल मी बोलले तेव्हा म्हणाले मला पण तसंच वाटलं होतं. ऐकून वाईट वाटलं आणि बरं पण वाटलं.

निपाणीच्या ताई, कोल्हापूरला कंदील पाठवायचे म्हटलं तर जीएसटीचं काय? एकानं सांगितलं दुसऱ्या राज्यात एक रुपयाचा माल विकला तरी नोंदणी लागते.

निपाणीकर_पोस्टकार्ड

चित्रांचं सोपं आहे, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला चित्रं देणं ही सेवा धरतात, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यात दिली तरी नोंदणी लागत नाही. वस्तूंना ती सूट नाही. पण ठरलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना त्याच मर्यादेपर्यंत सूट आहे, फक्त पॅन पाहिजे आणि माल कमी असला तरी ई-वे बिल काढावं लागतं. तुमचा कापडी कंदील त्या यादीत कशाखाली बसतो ते मात्र सीएकडून लिहून घ्या. तोवर बेळगाव, खानापूर, निपाणीतच विका, कर्नाटकातल्या कर्नाटकात आहे.

खानापूरचा_शाडूवाला

अक्का, यंदाचे सांगाडे झालेत काय? जून संपत आला. झाले नसतील तर कामट्या आत्ताच आणून ठेवा, ओल्या असल्या तर चुलीच्या वर टांगा, आठवड्यात वाळतात. एक सांगाडा घेऊन या इकडं आलात तर, घडी होणारा कसा करायचा ते दाखवतो, म्हणजे 60 कंदील एका खोक्यात बसतील.

वडगावची_रेघ

25 झालेत, 35 व्हायचेत. रविवारच्या सकाळच्या गाडीनं येते, आईला पण घेऊन येते, तिला तुमच्या बाबांची आखणी बघायचीय. मागं बसून बघू, बोलणार नाही.

राख्या यंदा नाही करत. आई आधी तयार नव्हती, गल्लीतल्या बायका तिच्याकडूनच नेतात इतकी वर्षं. शेवटी ठरलं की त्या घरांपुरत्या 15 करायच्या, विकायच्या नाहीत, आणि त्या श्रावण लागल्यावर तिच्या दोन दिवसांत करायच्या.