हॅमॉकमध्ये रातभर झोप लागाले काय करा लागते? (जागलीसाठी पायजे, बजेट ८००)

धुऱ्यावरचा_निंब
राम राम मंडळी. वरूड साइडले वावर हाय, हरभरा अन् बाजूले संत्र्याची बाग. डुकरं अन् रोही (नीलगाय) लय परेशान करून रायले म्हून रात्री जागलीले जा लागते. मचान वादळात गेलं, नवीन बांधाले यंदा पैसा नाही. घरी पिकनिकचा जाळीवाला नायलॉनचा झुला पडून होता, तो धुऱ्यावरच्या दोन निंबाले बांधला. दुपारी पडलं त मस्त डुलकी लागते, पण रात्री दोन-अडीचले जाग येते अन् मंग सकाळलोक नुसतं इकून तिकून. कंबर धरते, मान अवघडते, गुडघ्याच्या मांगून ताण बसते, अन् वरून दोन चादरी घेतल्या तरी खालून थंडी वाजते. कोणी खरंच रातभर झोपते काय याच्यात? कसं झोपता? नवीन घ्या लागला त ८०० पर्यंत, त्याच्या वर नाही. बाज सांगू नका, वावरात ठेवली त चोरीले जाते अन् रोज डोक्यावर न्याले मले जमत नाही.

अकोटचा_बाजवाला
बाज घे भाऊ. नायलॉन पट्टीची विणून घे, वीस वर्षं पाहा नाही लागत. आमच्या बाबानं सारी जिंदगी बाजेवर काढली, कंबर काय असते माहीत नाही त्याले.

लहाना_पाटील
जागलीले जाऊन झोप लागत नाही म्हून धागा काढणारा पहिला माणूस पाहिला राजेहो 😂 डुकरं तुह्या झोपीची वाट पाहून रायले धुऱ्यापलीकडं.

धुऱ्यावरचा_निंब
@लहाना_पाटील आम्ही दोघं आळीपाळीनं असतो ना भाऊ, बारापासून चारलोक माझा झोपाचा टाइम हाय. तेवढंच झोपाले भेटत नाही म्हून विचारून रायलो.

सह्याद्री_ते_सातपुडा
मी नागपूरचाच, ट्रेकिंगमुळे हॅमॉक बरीच वर्षं वापरतोय. प्लीज जाळीवाला फेकून द्या, ते बागेत फोटो काढायला असतात. माझा सेट साधारण नऊ हजारात बसला, ११ फुटी रिपस्टॉप (सहज न फाटणारं) नायलॉन, वरून ताडपत्री, जोडलेली मच्छरदाणी आणि खालून अंडरक्विल्ट, म्हणजे झुल्याखाली लटकवायची रजई. बजेट थोडं वाढवा, झोपेवर खर्च करायला काय हरकत आहे. चिखलदऱ्याला डिसेंबरमध्ये झोपलोय यात, गॅलरीत फोटो टाकलेत, बघा. थंडीचं कारण म्हणजे तुम्ही ज्या चादरीवर झोपता ती अंगाखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मग ती गरम ठेवतच नाही, आणि खालून वारा मोकळा वाहत असतो. त्यामुळे वरून चार घेतल्या तरी फरक पडत नाही. गरम थर खालून, झुल्याच्या बाहेरून लटकवायचा, दबणार नाही असा.

लहाना_पाटील
नऊ हजारात त दोन बकऱ्या येतात.

सह्याद्री_ते_सातपुडा
बकरीवर झोपता येत नाही दादा.

रिटायर_गुरुजी
धुऱ्यावरचा_निंब, तुम्ही झुला ताणून बांधत असाल, असा माझा अंदाज आहे. सगळे तेच करतात, त्यांना वाटतं ताणला की सपाट होईल. होतं उलटं. ताणलेल्या झुल्यात कापडाच्या दोन्ही कडा अंगाभोवती आवळतात, खांदे दाबले जातात, आणि दोऱ्यांवर ताण भयंकर येतो. हे साधं गणित आहे. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंशात उतरत असेल तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूच्या दोरीवर साधारण ७० किलोच ताण येतो. तीच दोरी १० अंशावर ताणली तर ताण २०० किलोच्या आसपास जातो. मग गाठ सुटते, झाडाची साल सोलते, आणि माणूस खाली. म्हणून झोळ भरपूर ठेवा. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर राहील एवढं खाली येऊ द्या, उतरायलाही सोपं जातं.

दुसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. झुल्यात सरळ, मधल्या रेषेवर झोपू नका. सरळ झोपलात की पाठ केळ्यासारखी वाकणारच. तिरपं झोपायचं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, वीतभर-दीड वीत सरकवून. असं झोपलं की शरीर जवळजवळ सपाट होतं आणि गुडघ्याच्या मागचा ताणही कमी होतो. पण तिरपं झोपायला रुंदी आणि लांबी लागते, आठ-नऊ फुटी झुल्यात पाच फूट आठ इंचाच्या माणसाला ते नीट जमत नाही. दहा-अकरा फूट पाहिजे.

अकोटचा_बाजवाला
गुरुजी एवढं गणित करून झोपाचं असन त बाज काय वाईट हाय. बाजेवर उभं झोपा आडवं झोपा.

सिंदेवाही_खबर
धुऱ्यावरचा_निंब भाऊ, वरूडकडचं मले माहीत नाही पण आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी असा दोन फुटांवर झुला बांधून झोपलं त लोक येड्यात काढतील. वाघाचा पट्टा हाय. जागलीले गेलं त मचानावर, जाळ करून, दोघंतिघं मिळून. वाचणारे सारे वरूडचेच नसतात म्हून लिहिलं.

लहाना_पाटील
वरूडले वाघ कायले येईन, संत्री खाले?

सिंदेवाही_खबर
हसा. बिबट त तुमच्याकडेही हाय. अन् वाघ कुठून कुठं चालत जाते हे पेपरात वाचत जा जरासं.

अंगणातली_तुळस
दादा मी आर्वीकडची, आम्ही भुईमुगाच्या राखणीले जायचो, तेव्हा आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्याची झोळी करायचो. नऊवारी लांब असते, दुहेरी केली तरी माणूस आरामात मावते. सुती असलं की घाम शोषून घेते, आंगाले टोचत नाही, अन् जाळीच्या गाठी उमटतात तशा उमटत नाही. फक्त जिथं विरलं असन तिथं पाहून घ्यायचं, उजेडासमोर धरून. दोन्ही टोकं एकत्र गोळा करून, मुडपून, दोरीनं घट्ट आवळायची, नुसती गाठ मारली त सरकते. अन् पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर वर बांधाचं, कारण धड जड असते, दोन्ही टोकं सारखी बांधली त झोपीत माणूस सरकत सरकत पायाकडं जाते अन् मान मोडते. तुमची मान अवघडते म्हणता ना, तेच असन. गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवा, कंबरेले आराम पडते. मोठी उशी नोको, डोकं आधीच वर असते.

वऱ्हाडी_इन_पुणे
इंटरेस्टिंग धागा. झोका आणि झोपेवर संशोधन झालंय, जिनिव्हा विद्यापीठाचं, २०११ मध्ये आलेलं. १२ जणांना दुपारी ४५ मिनिटं हळू हलणाऱ्या पलंगावर झोपवलं तर स्थिर पलंगापेक्षा झोप लवकर लागली आणि गाढही होती. तुमची दुपारची डुलकी मस्त का लागते ते यात आलं.

लहाना_पाटील
४५ मिनिटाची झोप त मले सरकारी मीटिंगमध्येही लागते, पलंग हलवा नाही लागत. भाऊनं रातीचं विचारलं.

वऱ्हाडी_इन_पुणे
रात्रभराचंही नंतर केलंय त्यांनी. असो.

दांडीवाला
माह्याकडे दोन्हीकडून लाकडी दांडी असलेला झुला हाय. पूर्ण सपाट, पलंगच समजा. अमरावतीत घेतला, २२०० पडले पण चीज हाय. जाळीबिळी, लुगडी कायले घेता, एकदाच चांगली वस्तू घ्या.

रिटायर_गुरुजी
दांडीवाला दिसायला सपाट असतो, पण वजन वर राहतं, कूस बदलली की पलटी मारतो. झोपेत तर नक्की. अंगणात दुपारी पेपर वाचायला ठीक आहे.

दांडीवाला
मी काही पडलो नाही आजपर्यंत. गुरुजींनी स्वतः वापरला काय?

अंगणातली_तुळस
आमच्या भावजींकडं तसाच होता, पाहुण्यांना बसवलं अन् पाहुणे चहासकट खाली. आता त्याच्यावर ज्वारी वाळवतात.

ट्रकवाला_मूर्तिजापूर
कोणी बांधाचं बोलत नाही, सारे झोपाचंच बोलून रायले. नायलॉनच्या दोरानं बांधू नको भाऊ, नायलॉन वजनानं लांबते, ओलं झालं त अजून लांबते, अन् रात्री दहिवर पडतेच. झोपताना दीड फुटावर असतो तो सकाळी ढेकलाले टेकते. आम्ही माल आवळाले वापरतो तो पॉलिस्टरचा चपटा पट्टा घे, जुना पट्टा कोणत्याही ट्रकवाल्याकडं शंभर-दीडशेत भेटते, फाटलेला भाग कापून टाक. रुंद असल्यामुळे निंबाची सालही नाही कापत. दोन झाडांत तेरा-पंधरा फूट अंतर पायजे, कमी असन त झोळ नीट बसत नाही. अन् वर पाहून घे, वाळलेली फांदी डोक्यावर नको. शेवग्याले कधीच नाही, लाकूड कच्चं असते. संत्र्याच्या झाडाले त स्वप्नातही नाही.

सह्याद्री_ते_सातपुडा
यात एक भर. दोन्ही टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक दोरी कायम बांधून ठेवा, तिची लांबी झुल्याच्या लांबीच्या ८३ टक्के. म्हणजे ११ फुटी झुल्याला साधारण नऊ फूट. मग झाडं कुठलीही असोत, झोळ रोज सारखाच येतो, अंदाज करायला नको. मच्छरदाणी त्याच दोरीवर टाकता येते. आणि मच्छरदाणी खालूनही बंद पाहिजे, डास पातळ कापडातून पाठीला चावतात, हे कोणी सांगत नाही.

धुऱ्यावरचा_निंब
सगळ्यायचे आभार. गुरुजी सांगतले तसं ढिला केला अन् तिरपा झोपलो, कंबरेले फरक हाय खरंच. पण जाळी रुंदीले कमी पडते, पाय तिरपे केले की टाच जाळीत अटकते. पायाकडचं टोक वर घेतलं, सरकणं थांबलं. थंडी मात्र तशीच. तीन वाजता दात वाजतात.

अकोटचा_बाजवाला
बाजेखालून थंडी नाही लागत.

ट्रकवाला_मूर्तिजापूर
लागते. बाजेखालूनही वारा जाते. म्हून त बाजेवर गादी टाकतात.

अकोटचा_बाजवाला
आमच्याकडं नाही लागत.

अंगणातली_तुळस
जुनं घोंगडं झुल्याच्या बाहेरून, खालून बांधा, दोन्ही टोकांत नाडी ओवून. आंगाले लागलं पायजे पण दबलं नाही पायजे. सह्याद्रीवाले दादा म्हणतात तेच, फक्त नऊ हजाराचं नाही. घोंगडं नसन त खताच्या रिकाम्या बॅगा उसवून त्यात कडब्याचा भुसा भरून...

सह्याद्री_ते_सातपुडा
भुसा नको, ओल धरेल आणि किडे होतील. गाडीच्या काचेवर उन्हासाठी लावतात ती चकचकीत फोमची शीट अंगाखाली टाका, दीडशे-दोनशेत येते. फोम दबत नाही म्हणून गरम ठेवतो. थोडी घसरते, सांभाळून.

नवीन_मेंबर_यवतमाळ
झुला साप-विंचवासाठी चांगला ना पण? आमच्याकडं पावसाळ्यात मण्यारीनं खाली झोपलेल्या माणसांले चावल्याचे प्रकार होतात, चावलेलं समजतही नाही, नुसतं पोट दुखते, डोळे जड होतात.

रिटायर_गुरुजी
बरोबर. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना जास्त धोका. झुला, बाज, काहीही चालेल, पण अंथरूण जमिनीला लोंबता कामा नये, आणि उतरताना आधी टॉर्च मारून चप्पल झटकायची. शंका आली तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) मण्यारीवरही चालतं.

सिंदेवाही_खबर
अन् दोन फुटांवरच्या झुल्यात डुक्कर आलं त? डुक्कर झुल्याखालून गेलं त काय करसान?

लहाना_पाटील
त्याले झोका द्याले सांगू.

दांडीवाला
कुंपणाच्या तारेले हलका झटका देणारी झटका मशीन लाव ना सरळ, जागलीची झंझटच नाही. माह्याकडे सोलरवाली हाय, बारा हजार.

ट्रकवाला_मूर्तिजापूर
मशीन लाव पण लाइनीचा करंट तारेत सोडू नको, कोणी सांगतलं तरी. माणसं मेली हायेत त्याच्यानं, अन् गुन्हा होते.

धुऱ्यावरचा_निंब
बारा हजार असते त मचान नसतं बांधलं काय भाऊ.
तर निर्णय सांगतो. लुगड्याचं घरी विचारलं, मायनं साफ नाही म्हटलं, आजीचं हाय, जागलीले नाही देत. ११ फुटी कपड्याचा ऑनलाइन पाहिला, १४०० च्या खाली चांगला दिसत नाही. म्हून जाळीच ठेवून रायलो. जाळीत जुनी गोधडी टाकली अन् कडेनं सुतळीनं टाचली, आता गाठीही टोचत नाही अन् टाचही अटकत नाही. चकचकीत शीट गोधडीच्या आत टाकली, पट्टा चुलतभावाच्या ट्रकवरून आणला. उरलेल्या पैशाची मच्छरदाणी. रुंदी कमीच हाय, जेवढं तिरपं होते तेवढं. काल चारलोक झोपलो, मंग जोडीदारानं उठवलं.

सह्याद्री_ते_सातपुडा
एवढं सांगून जाळीच?? नायलॉनची जाळी उन्हानं कडक होऊन तुटते, दर आठवड्याला गाठी तपासा निदान. आणि मच्छरदाणी खालून बंद आहे ना?

धुऱ्यावरचा_निंब
गाठी पाहतो. मच्छरदाणी खालून उघडी हाय, गोधडी जाड हाय, बघू.

दांडीवाला
मी आधीच म्हटलं होतं एकदाच चांगली वस्तू घ्या.

अकोटचा_बाजवाला
उन्हाळ्यात गोधडीत उकडन तेव्हा ये परत. बाज विणणाऱ्याचा नंबर देतो.

अंगणातली_तुळस
मायले म्हणा लुगडं नाही त जुनी सुती साडी तरी द्या, उन्हाळ्यात गोधडी काढून तीच टाकता येईन.

हौशी_शेतकरी_७७
नमस्कार, धागा आत्ताच पाहिला. बजेट किती आहे? माझ्या ओळखीत एक जण ११ फुटी पॅराशूट कापडाचा देतो, तीन हजारात, मच्छरदाणी वेगळी.

लहाना_पाटील
वरतून वाच बे.